कासारवाडीचे हिरवे

बस कासारवाडीहून सुटली, तर परवीन अत्तारला रोज सकाळी पन्नास मिनिटं मिळणार होती.

पन्नास मिनिटं म्हणजे काही लॉटरी नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण जी बाई सहाला घर सोडते, एका शेअर रिक्षानं भोसरी गाठते, दुसरीनं मोशी, आणि मोशीच्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघत या पायावरचं वजन त्या पायावर टाकत उभी राहते, तिला पन्नास मिनिटांचा भाव विचारा. परवीननं तर ती मिळायच्या आधीच वाटून टाकली होती. वीस झोपेला. दहा चहाला, आणि तोही बसून. ओट्याशी उभ्यानं ढोसलेला नव्हे. पाच कशालाच नाही, नुसती हक्काची. उरलेली पंधरा लेकीच्या वेणीला. जास्मिन दुसरीत होती. तिची वेणी सध्या दादी घालायची, आणि दादीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू असल्यामुळे पोरीचा भांग नाशिक फाट्याच्या पुलासारखा वळसे घेत कुठल्या कुठं उतरायचा.

नवरा सरफराज गॅरेजवाला माणूस. तो म्हणायचा, "अजून इंजिन बसलं नाही आणि तू हॉर्न वाजवतेस."

हॉर्न वाजवायला कारण होतं. कंपनी चाकणच्या पट्ट्यात गाड्यांची रबरी पॅकिंगं बनवायची आणि तिची एकच बस निगडीहून मोशीमार्गे यायची. आता दुसरी मंजूर झाली होती. दुसरीवर दावा सांगणारे दोन: कासारवाडीवाले आणि रावेतवाले. कासारवाडीवाल्यांतर्फे परवीन, कारण ती एचआरच्या टेबलावर बसायची. रावेतवाल्यांतर्फे प्लॅनिंगचा प्रज्वल, कारण त्याला न बोलता राहवत नसे.

"परवीन मॅडम," तो चहाच्या मशीनपाशी म्हणाला, "आमचं रावेत वाढतंय हो. तुम्हाला काय, दारात रेल्वे आहे की!"

"रेल्वे लोणावळ्याला जाते, प्रज्वल. कंपनी चाकणला आहे."

"मग लोणावळ्याला बदली मागा."

निवाडा विजयश्री मॅडमनी केला. त्या एचआरच्या मॅनेजर, आणि कुठल्याही भांडणावर आकड्याचं झाकण ठेवलं की ते शिजायचं थांबतं, असा त्यांचा विश्वास. "ज्या स्टॉपचे पक्के लोक जास्त, तिथून बस. शनिवारी मीटिंगमध्ये बघू, सोमवारपासून बस सुरू. आणि परवीन, हातानं मोजायचं नाही. कँटीनला इडली ठेवायची का पोहे, ते तिघांनी हातानं मोजलं होतं, तीन आकडे आले होते, आठवतंय ना? दोन दिवस लाइनवर कुणी कुणाशी बोलत नव्हतं."

"पण मॅडम, मी स्वतःच कासारवाडीची."

"म्हणून तर फॉर्म्युला लाव म्हणते. फॉर्म्युल्याला माहेर-सासर नसतं."

परवीनला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. बसची यादी एक्सेलमध्ये होतीच. नावं होती, खातं होतं, स्टॉप होता. कोण पक्का, कोण कच्चा, एवढंच मोजायचं. तिनं यादी उघडली आणि तिच्या ध्यानात आलं की पक्का-कच्चा हा शब्द यादीत कुठंच नाही. होते ते फक्त रंग. बसनं येणार तो हिरवा. अजून ठरवलं नाही तो पिवळा. स्वतःच्या गाडीनं येणार तो तांबडा.

यादी दादासाहेबांची. वाहतुकीच्या टेबलावर येण्याआधी दादासाहेबांनी वीस वर्षं शेवटच्या तपासणीला काढली होती. तिथं चांगला माल हिरव्या ट्रेत जातो, टाकाऊ तांबड्यात, आणि ज्याच्याबद्दल 'बघू' म्हणायचं तो पिवळ्यात. ट्रेवर नाव नसतं, चिठ्ठी नसते. रंग हेच त्याचं बोलणं. गुडघे गेल्यावर साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि खुर्चीसमोर कॉम्प्युटर दिला. दादासाहेबांनी त्यात शोधाशोध केली, रंगाची बादली सापडली, आणि तिथं त्यांचं शिक्षण पुरं झालं.

त्यांना 'अमुक करा' असं सरळ कुणी सांगत नसे. आज जिथं प्रेस शॉप धडधडतं, तिथं एके काळी त्यांच्या घरचा कांदा व्हायचा. त्यामुळे कंपनीतले सगळे त्यांच्याशी 'जमलं तर' असं म्हणूनच सुरुवात करायचे.

"दादासाहेब, जमलं तर रंगाच्या शेजारी एक अक्षर टाकाल का? हिरव्याला एच, पिवळ्याला पी, तांबड्याला टी."

"का? रंग दिसत न्हाई व्हय?"

"मला दिसतो. एक्सेलला दिसत नाही."

दादासाहेबांनी चष्मा कपाळावर नेला. "कायतरीच काय! त्याच्याच पोटात भरलाय रंग, अन् त्यालाच दिसत न्हाई?"

"भरता येतो, पण त्याला तो मोजता येत नाही. त्याला अक्षर लागतं नाहीतर आकडा."

"परवीनताई, ईस वर्सं ट्रे भरलं आमी. तांबड्या ट्रेवर कंदी 'तांबडा' आसं लिवलं न्हाई. आवं, ते गाईच्या पाठीवर 'गाय' लिवल्यावानी हुईल."

परवीन आपल्या टेबलाशी आली आणि एक्सेलला विनवू लागली. मोजणीच्या फॉर्म्युल्यात तिनं 'ग्रीन' घातलं. शून्य. 'हिरवा' घातलं, मराठीतून. शून्य. एका हिरव्या खान्याकडंच बोट दाखवलं, की बाबा, याच्यासारखे मोज. त्यावर एक्सेलनं एक असा आकडा दिला, कारण त्या खान्यात 'गेनबा' लिहिलेलं होतं आणि यादीत गेनबा एकच होता. रंग पोत्यानं पडला होता समोर, आणि यंत्राला नाव सोडून काही दिसत नव्हतं.

शेवटी तिनं अक्षरांचा रकाना स्वतःच भरला. एकेक नाव, एकेक अक्षर, अख्खी दुपार. जेवणाचा डबा तसाच परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तो रकाना गायब.

"दादासाहेब, माझा रकाना?"

"काढला की. तुमचं ते एच-पी-टी छापताना दुसऱ्या कागदावर जात हुतं. बसच्या काचंला येकच कागद बसतो."

"मला निदान विचारायचं तरी!"

"इचारलं आस्तं तर तुमी न्हाई म्हनला आस्ता," दादासाहेब अगदी निर्मळपणे म्हणाले. रागाचा एक घोट होता, तो परवीननं मशीनच्या चहाबरोबर गिळला. दोन्ही सारखेच कोमट लागले.

तिचा धाकटा भाऊ नुमान हिंजवडीला एका आयटी कंपनीत होता. संध्याकाळी त्याची कॅब हिंजवडीतून बाहेर पडायला जेवढा वेळ घेई, तेवढ्यात माणूस पुण्याहून साताऱ्याला पोचावा. त्यामुळे बहिणीसाठी त्याच्याकडं वेळच वेळ असायचा. खोट होती ती फक्त उपदेश आवरण्याची.

"आपा, रंग हा डेटाच नाही. तो मेकअप आहे."

"मला मेकअप मोजायचाय."

"लोक शीटमध्ये रंग का भरतात, हेच मला कळत नाही. एक साधा कॉलम..."

"नुमान, कॉलम काल मेला. आज मातीही झाली. तू इलाज सांग."

पलीकडून हॉर्नचा कल्लोळ आला. नुमान म्हणाला, "ठीक आहे. एक मॅक्रो पाठवतो. तुझ्या शीटच्या मागं जाऊन बसेल आणि खान्याचा रंग वाचून मोजेल. पण दोन गोष्टी पक्क्या डोक्यात ठेव. एक, तू नमुन्याला जो खाना देशील, नेमका तोच रंग तो धरणार. जरा फिका, जरा गडद, तर ओळखसुद्धा दाखवणार नाही. दुसरी गोष्ट, नुसता रंग बदललास तर आकडा जागचा हलणार नाही. शीटमध्ये कुठंही काहीतरी टाइप करून एंटर मारलं, नाहीतर एफ-नाइन दाबलं, तरच त्याला जाग येते."

"म्हणजे आपल्या सरफराजसारखं म्हण की. हाक मारल्याशिवाय उठणारच नाही."

"हां. आणि हाक मारेपर्यंत जुनंच बडबडत राहणार."

मॅक्रो बसला. परवीननं एका हिरव्या खान्याचा नमुना दिला. कासारवाडी: चार. रावेत: नऊ.

चार? तिला डोळ्यांनी धडधडीत दिसत होते, कासारवाडीच्या नावांवर हिरवळच हिरवळ होती. ती पडद्याला नाक लावून बघू लागली, तेव्हा उलगडा झाला. हिरवे सगळे होते, पण एका आईचे नव्हते. एक पोपटी, एक मेंदीचा, एक वाटाण्याचा, आणि एक तर असा की याला हिरवा म्हणावं का निळा यावरून घरात अबोला व्हावा.

"दादासाहेब, हे इतके हिरवे कुठून आणले?"

"त्या बादलीत लई रंग हायत. जो हाताला लागंल तो घ्यायचा." मग ते जरा पुढं झुकले, आवाज खाली आणला. "अन् तुमच्या कासारवाडीच्या लोकास्नी मुद्दाम गडद दिलाय. तुमी आपल्यातल्या. मॅडमला उठून दिसाया पायजेत."

माणसानं इतक्या मायेनं आपलं नुकसान करावं आणि आपल्याला त्याला धन्यवाद म्हणावे लागावेत, हा प्रसंग फार कठीण. परवीन 'थँक्यू' म्हणाली. मग दोन दिवस ती त्यांच्यामागं लागली. एकच हिरवा, दादासाहेब. एकच. दादासाहेब मान हलवायचे, आणि संध्याकाळी यादीत नवा हिरवा उगवलेला असायचा. तिनं चिठ्ठी लिहून पडद्याला चिकटवली. ती त्यांनी पान-सुपारी गुंडाळायला घेतली. तिनं रंगाचा नंबर पाठ करून घ्यायचा प्रयत्न केला; त्यांनी तो गाडीचा नंबर समजून ड्रायव्हरला दिला. प्रज्वल येता-जाता विचारायचा, "काय, रंगकाम कुठवर आलं? डिस्टेंपर का ऑइल पेंट?" आणि ती दात आवळून म्हणायची, "चाललंय."

शुक्रवारी सकाळी, सगळे उपाय थकल्यावर, तिला तपासणीच्या टेबलावर टांगलेला तो रबराचा तुकडा आठवला. मास्टर पीस. प्रत्येक माल त्याच्याशी ताडून बघायचा आणि जुळला तरच सोडायचा, हा तिथला कायदा. तिनं यादीच्या माथ्यावर तीन खाने रंगवले, हिरवा, पिवळा, तांबडा, आणि दादासाहेबांना हाक मारली.

"दादासाहेब, हे तीन मास्टर पीस. या ब्रशवर टिचकी मारायची, इथला रंग उचलायचा, तिथं लावायचा. याच्याशी जुळला नाही तो माल रिजेक्ट."

दादासाहेबांचा चेहरा उजळला. "मास्टर पीस! मंग आसं सांगा की पैल्यापास्नं! हप्ताभर काय रंग-रंग लावलंय!"

आणि त्या माणसानं दिवसभर बसून अख्खी यादी पुन्हा रंगवली. एक खाना चुकला नाही. वीस वर्षांचा हात होता तो. संध्याकाळी परवीननं एफ-नाइन दाबलं. कासारवाडी: एकोणीस. रावेत: सतरा.

घरी जाताना मोशीच्या चौकात तिला रिक्षा मिळायला उशीर झाला, तरी ती चिडली नाही. सुटणाऱ्या भाड्याच्या खोलीकडं माणूस जसं बघतं, तसं तिनं त्या चौकाकडं बघितलं. रात्री जेवताना जास्मिननं विचारलं, "सोमवारपासून तू घालणार वेणी?"

"सोमवारपासून."

"मग एक नको. दोन. रिबिनीच्या."

"दोन," परवीन म्हणाली. पंधरा मिनिटांत दोन वेण्या बसत होत्या. तिनं हिशेब करून पाहिला होता.

शनिवारी मीटिंगच्या खोलीत तिनं लॅपटॉप लावला, भिंतीवर यादी उजळली, वरच्या कोपऱ्यात एकोणीस आणि सतरा ठसठशीत दिसले. अजून कुणी आलं नव्हतं. तेवढ्यात दादासाहेब फोन कानाला लावूनच आत शिरले.

"व्हय, व्हय, धरतो तुमास्नी." फोन खिशात गेला. "परवीनताई, जरा माऊस द्या. रावेतचं तीन पिवळं हुतं, त्या प्रज्वलनं पटवलं त्यास्नी. आत्ता तिगांचा फोन आला, बसनं येतो म्हनून. अन् तुमच्या नवनाथनं दुचाकी घेतली. त्यो तांबडा."

त्यांनी ब्रशवर टिचकी मारली, मास्टर पीसवरून रंग उचलला आणि रावेतची तीन नावं हिरवी केली. मग नवनाथ तांबडा केला. काम नेटकं झालं, रंग जुळला. माऊस परत देऊन ते खुर्चीत गुडघे सांभाळत बसले.

परवीननं कोपऱ्याकडं बघितलं. एकोणीस. सतरा.

आकडा जागचा हलला नव्हता.

सतरात तीन मिळवायला आणि एकोणिसातून एक काढायला मॅक्रो लागत नाही. वीस आणि अठरा. एफ-नाइन वरच्या ओळीत होतं, तिच्या बोटापासून वीतभर लांब. हाक मारेपर्यंत जुनंच बडबडत राहणार, नुमान म्हणाला होता.

तिनं हात उचलला, आणि ओढणी सारखी केली.

मी काय केलं? काहीच नाही, ती स्वतःशी म्हणाली. रंग मी बदलला नाही, आकडा मी लिहिला नाही. एक बटण दाबलं नाही एवढंच. दिवसभरात माणूस किती बटणं दाबत नाही! हप्ताभर या रंगांनी माझा जीव खाल्ला. एका सकाळी त्यांनी माझी बाजू घेतली तर त्यांचं काय जातंय?

विजयश्री मॅडम आल्या. मागोमाग प्रज्वल, कंपनीत कुणीतरी बाळंत झाल्यासारखा खुशीत.

"दादासाहेब, आमचे तिघं धरले का?"

"धरलं की. बघा, हिरवं."

प्रज्वलनं भिंतीवर तिन्ही नावं शोधली, हिरवी सापडली, मग कोपऱ्यातला आकडा वाचला आणि त्याचा चेहरा पडला. "सतराच? आयला, म्हणजे आधी चौदाच होते आमचे?"

परवीन लॅपटॉपच्या वायरीकडं बघत राहिली. माणूस स्वतःच स्वतःची समजूत घालत असेल, तर मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

"मॅडम, मी एकदा हातानं मोजू का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "हाताचं नाव काढायचं नाही. इडली-पोहे पुरे झालं. फॉर्म्युला आहे ना समोर?"

"पण मॅडम..."

"प्रज्वल, तू रोज प्लॅनचे आकडे दाखवतोस, मी ते हातानं मोजते का?"

प्रज्वल खाली बसला. परवीनला त्याची दया आली, आणि दया परवडते आहे याचं मनातून बरंही वाटलं. मॅडमनी पेन काढलं. "तर मग कासारवाडी एकोणीस, रावेत सतरा. दुसरी बस कासारवाडीहून..."

"मॅडम, थांबा जरा," दादासाहेब म्हणाले.

ते गुडघ्यांवर हात ठेवून उठले होते. चेहऱ्यावर लग्नाच्या मांडवात आहेर काढायला निघालेल्या माणसाचा भाव. "ह्या परवीनताईंचं येक मागनं हाय. हप्ताभर मागं लागल्यात माज्या, अक्षर लिवा, अक्षर लिवा. मी काय ऐकलं न्हाई. उलट त्यांचा रकाना पुसला. बिचारीनं शब्दानं दुखवलं न्हाई मला. आज त्यांचं काम झालंय, मंग म्हनलं, सगळ्यांसमोर त्यांचा मान ठिवायचा."

"दादासाहेब, राहू द्या," परवीन म्हणाली. जरा घाईनंच म्हणाली.

"आसं कसं? राहू कसं द्यायचं?"

"नंतर करू. सोमवारी. मी स्वतः भरते, तुम्ही कशाला..."

"न्हाई न्हाई. पैलं अक्षर माज्या हातचं."

"किती छान!" मॅडम म्हणाल्या. "बघ परवीन, याला म्हणतात बदल. दे त्यांना लॅपटॉप."

परवीननं लॅपटॉप दिला. दुसरं काय करणार होती? दादासाहेबांनी यादीतल्या पहिल्या नावाशेजारच्या मोकळ्या खान्यात टिचकी मारली. मग तर्जनी हवेत धरून ते एच शोधू लागले. खोलीत सगळे कौतुकानं वाट बघत होते. बोट जी-वर गेलं, थबकलं, परत आलं. एकदा ते चुकून जे-वर टेकायला लागलं तेव्हा प्रज्वलच मदतीला धावला, "शेजारचं, दादासाहेब, डावीकडचं." वीज जावी, प्रोजेक्टर जळावा, प्रेस शॉपचा भोंगा व्हावा, परवीन जे काही मागता येईल ते मागत होती.

"ह्यो घावला," दादासाहेब म्हणाले. एच उमटला. त्यांनी एंटर दाबलं, जोरात, शिक्का मारावा तसं.

कोपऱ्यात एकोणिसाचे अठरा झाले आणि सतराचे वीस.

आधी ते कुणालाच दिसलं नाही, कारण सगळे एच-कडं बघत होते. मॅडमनी टाळीसुद्धा वाजवली. मग प्रज्वल उभा राहिला. "मॅडम! वीस! रावेत वीस!"

"हे काय झालं? परवीन?"

"आकडा... जागा झाला, मॅडम." तिनं कोपऱ्याकडं बोट केलं. "रंग बदलला की त्याला लगेच कळत नाही. काही टाइप केलं की कळतं."

"म्हणजे मघाचा जुना होता?"

"हो."

मॅडमनी तिच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. "तुला माहीत होतं हे?"

परवीन म्हणाली, "फॉर्म्युल्याला माहीत नव्हतं, मॅडम."

मॅडमनी आणखी काही विचारलं नाही. न विचारण्यात त्यांचाही फायदा होता. फॉर्म्युला त्यांचाच हट्ट होता. त्यांनी कासारवाडीवर काट मारली आणि रावेत लिहिलं. प्रज्वल दादासाहेबांचा हात धरून हलवत राहिला. दादासाहेब मात्र कोपऱ्याकडं बघत होते. एका बाजूचं वाढलं आणि एका बाजूचं घटलं, एवढं त्यांना कुणी समजावून सांगायला लागत नव्हतं.

खोली रिकामी झाल्यावर ते परवीनजवळ आले. "ताई, माज्यामुळं झालं का हे?"

"नाही, दादासाहेब. तीन माणसं खरंच वाढली होती."

"मी येकच अक्षर लिवलं वो."

"हो."

"म्हनून मी अक्षरं लिवत न्हाई," दादासाहेब म्हणाले, आणि गुडघे सांभाळत निघून गेले.

रविवारी रात्री जास्मिननं दोन रिबिनी काढून उशाशी ठेवल्या होत्या. परवीननं त्या उचलून कपाटात ठेवल्या. सकाळी काय ते सांगू म्हणाली, आणि सकाळी पोर उठायच्या आधीच निघून गेली. सांगायचं काम दादीवर पडलं.

आता महिना लोटल्यावरचा हिशेब. रावेतला बस मिळाली. पटवलेल्या तिघांपैकी एक जण पहिला आठवडाभर बसला आणि नंतर मित्राच्या गाडीनं येऊ लागला. पाठोपाठ प्रज्वलनंच चारचाकी घेतली. तो आता तांबडा. आणखी एकानं नोकरी सोडली. म्हणजे रावेतचे हिरवे पुन्हा सतरा, आणि कासारवाडीचे अठराच्या अठरा. परवीननं ते मॅडमना दाखवलं. मॅडम म्हणाल्या, बसचा करार वर्षाचा झालाय. मॅडमना एक न भांडता झालेला निर्णय मिळाला, आणि यंत्राशेजारी लावायला एक पाटी मिळाली: 'मोजण्यापूर्वी एफ-नाइन दाबावे'. दाबायचं काम दर शनिवारी परवीनकडं, सुटीच्या वेळेनंतर. दादासाहेबांच्या यादीत पहिल्या नावाशेजारी तो एच अजून आहे, एकटाच. त्यांनी तो पुसला नाही आणि दुसरा लिहिला नाही. पण मोशीच्या चौकात परवीन दिसली नाही तर दोन मिनिटं थांबायचं, असं त्यांनी ड्रायव्हरला परस्पर बजावून ठेवलंय.

तेव्हा पन्नासातली दोन मिनिटं तिला मिळाली. झोपेची वीस, चहाची दहा आणि हक्काची पाच गेली, ती तिनं तोटा म्हणून आपल्या नावावर घातली. त्यातूनच दादासाहेबांची दोन वजा केली. वेणीची पंधरा राहिली. ती मात्र तिच्या खात्यात बसेनात. ती रोज सकाळी वाकडा भांग घेऊन शाळेत जाणाऱ्या जास्मिननं भरली.